१९९८ ची मारुती ८०० आधी घाटात तापायची, आता सपाटीलाही तापते. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू का?

आठशेवाला_कराड:
नमस्कार मंडळी. गाडी वडिलांची, १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, बिनएसी. पुन्हा पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून ठेवली आहे. तेव्हा 'विकून टाका' सोडून काहीही सांगा.

दिवाळीत चिपळूणहून कराडला येत होतो. पोफळी सोडली, कुंभार्ली घाट लागला आणि निम्म्यात काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेतली, तासभर बसलो, पाणी घातलं, हळूहळू हेळवाक गाठलं. कराडात मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून हातात दिला. म्हणाला, "आपल्या हवेत याची गरजच नसते." दीड महिना बरं वाटलं. मग पुन्हा तोच घाट, तोच प्रकार. या वेळी एका वायरमनने रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करून दिला, डॅशबोर्डखाली वेगळा स्विच लावून. किल्ली फिरवली की मी फॅन चालूच ठेवतो.

आणि तेव्हापासून गाडी जास्त तापते! पाटण ते कराड सपाट रस्ता, साठ-सत्तरचा वेग, तरी काटा पाऊण भाग चढतो. गावात फिरताना नेहमीपेक्षा वर राहतो, पण लालला जात नाही. रेडिएटरचं झाकण नवीन टाकलं, कूलंट बदललं, फॅनबेल्ट ताणून घेतला. काही फरक नाही.

परवा दुसऱ्या मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण उघडून आतली दुधाळ साय दाखवली. "हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरतंय." हेड उतरवणं, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, मजुरी धरून १५ हजार सांगतोय. गाडीचीच किंमत तेवढी येईल का, शंका आहे. काय करू?

सुपारी_बागायतदार:
विकू नका. आमच्याकडे द्या, कोंबड्यांच्या खुराड्याला चांगलं पत्र्याचं छप्पर होईल.
(गंमत हो. आमची १९९५ ची अजून बाजारात जाते.)

ऑरेंज_सिटी:
भाऊ, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, त्यामुळे गाडी गरम होण्यात आमची पीएचडी आहे. माझ्या मारुती झेनचा रोग खालच्या पाइपात निघाला होता. रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप म्हाताऱ्याच्या गालासारखा मऊ झाला होता. गाडी उभी असली की पाइप एकदम ठणठणीत. रेस दिली की वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) पाणी ओढायची आणि पाइप आतल्या आत चपटा. म्हणजे जोर लागतो तेव्हाच पाणी बंद. गाडी न्यूट्रलला ठेवा, कोणालातरी रेस द्यायला सांगा आणि त्या पाइपाकडे बघा. फुकटातलं काम आहे.

मात्र हे कळायच्या आधी मी थर्मोस्टॅट, झाकण आणि पंप असं सगळं बदलून बसलो होतो, ते वेगळं.

डेपोकाका:
एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली आहेत, त्या हक्काने सांगतो. हेड उघडू नका. निदान आज तरी नाही.

गाडी तापते म्हटलं की पहिला प्रश्न, कधी तापते? उभी असताना आणि ट्रॅफिकमध्ये तापते पण रस्त्याला लागली की निवते, तर दोष फॅनच्या बाजूला असतो, म्हणजे मोटर, थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन आपोआप चालू करणारा), रिले, फ्यूज. उभी असताना ठीक पण चढाला किंवा वेगात तापते, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. मग चोकलेला रेडिएटर बघायचा, वॉटर बॉडीचा झिजलेला पंखा बघायचा, आत ओढला जाणारा पाइप बघायचा. तो पाइप वर नागपूरच्या भावांनी सांगितलाच आहे. तिसरी तऱ्हा, गाडी थंड असताना सुरू केली आणि दोन-चार मिनिटांत पाण्यात बुडबुडे, पाइप दगडासारखे कडक. ते गॅस्केट.

तुमचं दिवाळीतलं दुखणं दुसऱ्या तऱ्हेचं होतं. थर्मोस्टॅट काढल्यावर दीड महिना बरं वाटलं, पण त्या दीड महिन्यात घाट चढला होता का? नसेल चढला, तर बरं वाटायचंच.

आता ती साय. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली की गॅस्केट गेलं, हे अर्धं खरं. इंजिन कधी नीट तापलंच नाही, तर आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर जमते, ऑइलमध्ये मिसळते आणि दुधाळ दिसते. थर्मोस्टॅट काढलेली गाडी थंडीच्या दिवसांत गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरवली की हे होतं. तेव्हा डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. ऑइल स्वच्छ आणि पातळी जागेवर, तर साय फक्त झाकणाची. डिपस्टिकवरही दूधवाल्या चहाचा रंग असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर मात्र गाडी चालवू नका.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एवढं करा. रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी सुरू करा आणि दोन मिनिटं तोंडाकडे बघत बसा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येतो, ती अडकलेली हवा. सोडावॉटरसारखे सतत आले तर मला कळवा. गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका. आमच्या डेपोत एका पोराचा हात त्याने कोपरापर्यंत सोलला होता.

अजून एक. रिकाम्या सपाट रस्त्याला साठच्या वेगात असताना तो तुमचा फॅनचा स्विच बंद करून काट्याकडे बघा. त्या वेगाला समोरची हवाच पुरते, फॅनची गरज नसते. काय होतं ते सांगा. मला एक वेगळीच शंका येते आहे.

पेठेतला_पाना:
कूलंटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. साधं पाणी उत्तम. वीस वर्षं माझ्या गाडीत पाणीच आहे. कूलंट हे कंपन्यांचं फॅड.

ऑरेंज_सिटी:
पाणीच आहे की बोअरचं पाणी आहे?

पेठेतला_पाना:
नळाचं. पुण्याचं पाणी गोड आहे.

डेपोकाका:
उष्णता वाहून न्यायला पाणी चांगलंच, कूलंटपेक्षा सरस. म्हणून तर पाणी न मिसळता निव्वळ कूलंट भरणारेही फसतात. पण नुसत्या पाण्याने आत गंज धरतो आणि वॉटर बॉडीचं सील लवकर जातं. शिवाय कूलंट मिसळलं की उकळायला उशीर लागतो. झाकणाचं कामही तेच आहे, दाब धरून ठेवायचं. ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. रबर फाटलेलं असेल तर शंभरीलाच. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा निम्मं कूलंट नसलं तरी चालेल, तिसरा हिस्सा पुरे. पण पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या. आणि सांडलेलं कूलंट धुऊन काढा. चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आठशेवाला_कराड:
काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

डिपस्टिक स्वच्छ. ऑइल काळं आहे, पण दूध नाही. पातळी खुणेवर.

सकाळी झाकण काढून गाडी सुरू केली. पहिल्या मिनिटात तीन-चार बुडबुडे, मग काही नाही. दहा मिनिटं बसलो. आई गॅलरीतून विचारत होती की गाडीला नैवेद्य दाखवतोस का.

खालचा पाइप रेस दिल्यावरही गोल राहतो.

आणि फॅन. मल्हारपेठच्या पुढे साठला होतो, काटा पाऊण भागावर. स्विच बंद केला. पाच मिनिटांत काटा निम्म्यावर आला! पुन्हा चालू केला, पुन्हा चढला. हे उलटंच झालं की! फॅनने गाडी तापते?

तुमचा अंदाज बरोबर. त्या दीड महिन्यात घाट चढलोच नव्हतो. आणि कबुली देतो, वडील गेल्यापासून रेडिएटरमध्ये आमच्या बोअरचंच पाणी जात होतं. त्याच पाण्याने आमचा गीझर दोनदा भरून गेला आहे.

डेपोकाका:
झालं. गाडी उभी करा, फॅन चालू करा आणि वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीसमोर धरा. फॅनने बाहेरची हवा रेडिएटरमधून आत, इंजिनाकडे ओढायला हवी. म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. तुमचा उडून तुमच्या तोंडावर येईल, पैज लावतो.

आठशेवाला_कराड:
तोंडावर आला.

ऑरेंज_सिटी:
अरे बाप्पा!

डेपोकाका:
डायरेक्ट करताना दोन वायरी उलटसुलट जोडल्या आहेत. डीसी मोटर आहे, प्लस-मायनस बदललं की उलटी फिरते. गाडी उभी असेल तर उलटा फॅनही रेडिएटरमधून हवा ढकलतो, पण ती इंजिनावरची गरम हवा, म्हणून गावात कसंबसं भागतं. साठला समोरून येणारा वारा आणि आतून ढकलणारा फॅन एकमेकांच्या उरावर बसतात आणि रेडिएटरला हवाच मिळत नाही. वायरी बदला, दहा मिनिटांचं काम. जमलं तर डायरेक्टचं लफडं काढून नवा थर्मो स्विच बसवा. एक दिवस फॅन चालू करायला विसराल आणि खरोखरच गॅस्केट उडवाल.

पण हे वायरमनने दिलेलं दुखणं. दिवाळीतलं मूळचं अजून आत आहे आणि ते तुमच्या बोअरच्या पाण्यात आहे. गाडी चांगली तापवा, बंद करा, फॅन थांबू द्या आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवा, जपून. वरून खाली ऊब हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच थंड पट्टे लागले, तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या उघडून रॉडिंग करून मिळतं, म्हणजे एकेका नळीतून सळई फिरवून देतात. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर त्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.

सुपारी_बागायतदार:
आणि तो काढलेला थर्मोस्टॅट फेकला नाही ना?

आठशेवाला_कराड:
ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. तपासायचा कसा?

सुपारी_बागायतदार:
दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लटकवा आणि गॅसवर ठेवा. तळाला टेकू देऊ नका. त्याच्या अंगावर आकडा छापलेला असतो, ८२ असा काहीतरी. पाण्याला उकळी यायच्या आधी झडप उघडायला लागली पाहिजे आणि गार झाल्यावर परत मिटली पाहिजे. पातेलं चहाचं घेऊ नका. मी घेतलं होतं, घरात आठवडाभर अबोला.

आठशेवाला_कराड:
दहा दिवसांनी लिहितोय.

फॅनच्या वायरी मीच बदलल्या, कागद आता जाळीला चिकटतो. रेडिएटर पितळेचा निघाला. खालच्या निम्म्या भागात हाताला सलग थंड पट्टा लागत होता. रेडिएटरवाल्याने टाकी उघडून बोलावून घेतलं. नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर, जवळपास तिसरा हिस्सा नळ्या पूर्ण बंद. रॉडिंग, डाग देणं (सोल्डरिंग) आणि प्रेशर टेस्ट मिळून ११०० रुपये घेतले. थर्मोस्टॅट पातेल्यात व्यवस्थित उघडला (पातेलं जुनं होतं), परत बसवला, गॅस्केट नवीन. नवा थर्मो स्विचही बसवला. डॅशबोर्डखालचा स्विच तेवढा राहू दिला आहे, आता कशालाच जोडलेला नाही.

पाणी भरताना मात्र फसलो. पहिल्याच दिवशी काटा वर. घाबरून इथे लिहायला बसलो होतो, तेवढ्यात मागे कुठेतरी वाचलेलं एअरलॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) आठवलं. गाडीचं तोंड चढाला करून उभी केली, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं, वरचा पाइप हाताने दाबत राहिलो. भक्क करून हवा निघाली आणि अर्धा लिटर आणखी मावलं.

रविवारी चिपळूणला जाऊन आलो. येताना कुंभार्ली, गाडीत चार माणसं आणि मागे नारळाचं पोतं. दुसरा-तिसरा गिअर, काटा निम्म्याच्या किंचित वर. ज्या वळणावर दिवाळीत बसलो होतो तिथे मुद्दाम थांबून चहा प्यायलो, थर्मासमधला. झाकणाखालची सायही या आठवड्यात दिसली नाही.

हेडवाल्या मेकॅनिकला काय सांगू? तो रोज रस्त्यात भेटतो आणि विचारतो, कधी आणताय गाडी.

डेपोकाका:
ब्रेक लायनर बघायला न्या त्याच्याकडे. घाट उतरायचाही असतो. आणि महिनाभराने एका सकाळी, थंड असताना, झाकण काढून पातळी बघा. खाली थेंब न पडता पाणी कमी झालं असेल तर परत इथे या.

ऑरेंज_सिटी:
काका, माझ्या झेनचा फॅन पण जरा वेगळाच आवाज करून राहिलाय. पेपर घेऊन खाली जाऊ का?

डेपोकाका:
जा. आजचा नको, रद्दीतला घ्या.