मदत हवी आहे: रात्री हायवेवर कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर तुम्ही थांबता का?

घाटाखालची:

नमस्कार मंडळी. विषय साधा वाटेल, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते.

आई कराडला एकटी असते. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याहून निघते आणि रविवारी रात्री परत येते. गाडी मीच चालवते, बहुतेक वेळा एकटीच. मागच्या खेपेला रविवारी परत निघायला उशीर झाला. आनेवाडीचा टोल मागे पडला, भुईंज गेलं, सुरूर यायच्या आधी डाव्या कडेला एक जुनी अल्टो उभी दिसली. बोनेट वर. एक माणूस मोबाईलचा टॉर्च हलवत होता, मागे एक बाई आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाने स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मी वेग कमी केला. अगदी चाळीसवर आणला. आणि काय केलं, तर दारांचं लॉकचं बटण दाबलं. दारं आधीच लॉक होती, तरी परत दाबलं. आणि निघून गेले.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळ्यात चहाला थांबले तेव्हा राहवेना, म्हणून १०३३ हा महामार्गाच्या मदतीचा नंबर लावला. फोन लागला, समोरच्याने नीट विचारलं: किलोमीटर किती? कुठली बाजू? बाजू सांगितली, पण किलोमीटरचा दगड कोण बघतं हो? ‘सुरूरच्या अलीकडे’ एवढंच सांगू शकले. पुढे काय झालं माहीत नाही.

हे टोचायचं कारण वेगळंच आहे. २०१८ साली बाबांना घेऊन कराडला चालले होते, खंबाटकीच्या चढात मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पण चाकाचा एक नट हलेना. एक कर्नाटकचा ट्रक आपणहून थांबला. क्लिनर पोरगा पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहून उड्या मारत होता, ड्रायव्हर त्याच्या खांद्याला धरून होता. चौथ्या उडीला नट सुटला. बाबांनी पाचशेची नोट पुढे केली तर ड्रायव्हर हसला नि नको म्हणाला. बाबांच्या खिशातल्या डबीतली आवळासुपारी मात्र दोघांनी घेतली. त्या दोघांनी जर माझ्यासारखं बटण दाबलं असतं तर?

तर प्रश्न असा. एकट्या बाईने रात्री थांबावं का? थांबायचं नसेल तर उपयोगी पडेल असं नेमकं काय करता येतं? आणि मदत करणाऱ्यालाच पोलीस अडकवतात म्हणतात, त्या भानगडीचं खरं काय आहे? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काचेवर अंडी मारतात, वायपर लावू नका’ छापाचे निरोप दर महिन्याला येतात, ते कृपया इथे टाकू नका. ते मला तोंडपाठ आहेत.

स्पष्टवक्ता:

रविवारी रात्री एकटीने निघायचंच कशाला? सकाळी निघा, प्रश्न मिटला.

घाटाखालची:

सोमवारी नऊला ऑफिस असतं म्हणून. पुढचा.

पाना_बारा_तेरा:

ताई, माझं गॅरेज हायवेला लागूनच आहे, १९ वर्षं झाली. रात्रीच्या गाड्या ओढून आणणं हाच आपला धंदा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्हाला भीती चोरांची वाटते. मी जेवढं वाईट बघितलंय ते चोरांमुळं नाही, मागून येणाऱ्या गाडीमुळं. माणूस कडेला उभं राहून बोनेटमध्ये डोकं घालतो आणि मागून डुलकी लागलेला कंटेनर येतो. मदतीला थांबलेली गाडी बंद गाडीच्या बरोबर मागं चिकटून उभी असते, मग दोन्ही जातात. तेव्हा थांबायचंच तर बंद गाडीच्या पुढं जाऊन, रस्ता सोडून, जिथं कच्ची कड रुंद आहे तिथं. वळणावर नाही, पुलावर नाही, बोगद्याच्या तोंडाशी तर अजिबात नाही. खंबाटकीचा बोगदा सुटल्यावर पुण्याकडं जाताना तो एस आकाराचा उतार आहे ना, तिथं बाप जरी उभा असला तरी थांबू नका. खाली जाऊन फोन करा.

दुसरं, गाडी बंद पडायची कारणं मोजकीच. बॅटरी, पंक्चर, तापलेलं इंजिन, नाहीतर पेट्रोल संपलेलं. पेट्रोल संपलेला माणूस कधीच कबूल करत नाही, ‘काहीतरी सेन्सरचं आहे’ म्हणतो. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू देऊ नका. एक जण हात भाजून माझ्याकडं आला होता, कोपरापर्यंत सोललेला. अर्धा-पाऊण तास बसा म्हणावं, पाणी प्या, गाडीला नंतर पाजा. बॅटरी उतरली असेल आणि जंपरच्या वायरी (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायच्या) गाडीत असतील तर लाल वायर लालला. काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर दोरी बांधून ओढू नका, गिअरबॉक्सचा नाहीतर मोटरचा सत्यानाश होतो. तिला सपाट पाठीची क्रेनच लागते.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. गाडी बंद पडली की मागं दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात. ठीक आहे, अडचण असते. पण गाडी चालू झाल्यावर दगड तिथंच ठेवून निघून जातात. त्या दगडांवर आदळलेल्या बाइकवाल्यांचे वाकलेले रिम मी सरळ केलेत. दगड उचला राव.

सावध_पाऊल:

मी बाजूने बोलणार नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी एका बायपासवर असाच थांबलो होतो. एक बाई हात करत होती, स्कूटर आडवी पडलेली. काच खाली केली आणि झुडपातून दोघे आले. पाकीट, मोबाईल, मनगटावरचं घड्याळ. मारहाण नाही केली, उपकारच म्हणायचे. तेव्हापासून रात्री थांबत नाही. दिवसा थांबतो. कुणी मला निर्दय म्हटलं तर म्हणा. बायको-मुलं गाडीत असताना तर विचारसुद्धा करत नाही.

काळा_कोट:

सावध_पाऊल यांना कुणी काही म्हणू नये, आणि कायदाही म्हणत नाही.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. अपघात वेगळा, नुसती बंद पडलेली गाडी वेगळी. अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ कलम आलं. स्वेच्छेने, चांगल्या हेतूने मदत केली तर त्या मदतीपायी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं होतं, आणि २०२० मध्ये तसे नियम झाले. पोलीस तुम्हाला नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत. दवाखाना तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर, आणि झालातच तर तुमच्या सोयीने, एकाच बैठकीत जबाब. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला बक्षीसही आहे. २०२१ मध्ये ते ५ हजार होतं, २०२५ पासून ‘राहवीर’ नावाने २५ हजार. माझ्या अशिलांपैकी कुणी बक्षिसासाठी थांबलेलं मी पाहिलं नाही, पण ‘पोलीस मलाच धरतील’ म्हणून न थांबलेले पुष्कळ पाहिलेत.

बोनेट उघडं टाकून उभ्या असलेल्या अल्टोला मात्र यातलं काही लागू होत नाही. तिथे थांबणं वा न थांबणं पूर्णपणे तुमच्यावर. ताईंनी फोन केला, ते पुरेसं होतं असं माझं मत.

घाटाखालची:

काळा_कोट, पुरेसं असतं तर इथे कशाला आले असते. पण माहितीबद्दल धन्यवाद, नाव-पत्त्याचं खरंच माहीत नव्हतं.

नेकरकाठचा_कोल्हापुरी:

श्टुटगार्टहून. इथे अपघाताच्या जागी शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे, तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. पण ऑटोबानवर बंद पडलेल्या गाडीला बघून सहसा कुणी थांबत नाही, थांबूही नये. कडेला ठरावीक अंतरावर केशरी खांब असतात, त्यातला फोन उचलायचा की पत्ता त्यांना आपोआप कळतो. तुमच्या किलोमीटरच्या दगडाचं काम तो खांब करतो. शिकवलेलं एक लक्षात राहिलंय: आधी चमकणारं जाकीट घालायचं, मग दार उघडायचं, आणि सगळ्यांनी लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही. आपल्याकडे पाऊस आला की लोक गाडीतच बसतात, आणि तेच जास्त धोक्याचं.

त्या मुलाला डबा घेऊन कठड्यापलीकडे उभं करा, एवढं ओरडून सांगितलं असतं तरी मदत झाली असती. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये.

शंभरसीसी:

बाइकवाल्यांसाठी कुणीच थांबत नाही हे इथे नमूद करून जातो. पावसाळ्यात शिरवळच्या पुढे चेन तुटली होती, दोन किलोमीटर ढकलत नेली. शेवटी थांबला तो दुधाचा टेम्पो.

पाना_बारा_तेरा:

दुधाचे टेम्पो थांबतात. भाजीचे पण. त्यांना रस्त्यावरच जगायचं असतं, उद्या आपली पाळी येणार हे माहीत असतं. कारवाल्यांना वाटतं कंपनीचा रोडसाइड असिस्टन्स आहे. असतो, पण त्याचा नंबर पॉलिसीच्या कागदावर आणि कागद घरी कपाटात.

ताई, १०३३ बद्दल: राष्ट्रीय महामार्गावर टोलवाल्यांकडं क्रेन, रुग्णवाहिका आणि गस्तीची गाडी असते, ती यातूनच येते. जखमी असेल तर १०८, मारामारी किंवा संशय असेल तर ११२. एक्सप्रेस वे आणि समृद्धी राज्याच्या महामंडळाचे, तिथं हेल्पलाइन वेगळी, फलकावर बघून मोबाईलमध्ये साठवून ठेवा. किलोमीटरचे दगड बघायची सवय लावा. दर वीस मिनिटांनी एक आकडा मोठ्यानं म्हणायचा, बास. मी आमच्या पोरांना तेच शिकवलंय.

घाटाखालची:

काल रात्रीचं सांगते, मग धागा थंड होऊ दे.

आकडे मोठ्याने म्हणत आले, वेड्यासारखी. पाचवडच्या आसपास एक छोटा हत्ती कडेला, मागे दगड मांडलेले. पुढे बऱ्याच अंतरावर पेट्रोल पंप होता, तिथे आत उजेडात गाडी लावली आणि पंपावरच्या पोराला सांगितलं की मागे टेम्पो बंद पडलाय. तो म्हणाला, ‘तो ड्रायव्हर मगाशी इथंच आला होता की, तो बघा.’ पन्नाशीचा माणूस हवेच्या मशीनजवळ उकिडवा बसलेला. काच दोन बोटं खाली करून विचारलं, क्रेन बोलवू का? तर म्हणे क्रेन नको, मोबाईल बंद पडलाय, मालकाला फोन लावून द्या, नंबर पाठ आहे.

मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकरवर, काचेच्या फटीतून. मालकाने उचलला आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत एक अस्सल सातारी शिवी हासडली. ड्रायव्हर घाईघाईने काचेशी तोंड नेऊन ओरडला, ‘मालक, मालक, बाई हायती!’ पलीकडे एकदम शांत. मग ‘माफ करा मॅडम’. पुढची पाच मिनिटं दोघं क्लच प्लेटवर बोलत होते आणि मी मध्ये फोन धरून बसले होते. टेम्पोत टोमॅटो होते. एक पिशवीभर द्यायला लागला, मी नको नको म्हटलं, शेवटी चार घेतले.

आता एक सांगा. गाडीत ठेवायला तो लाल त्रिकोण घ्यायचाय. ऑनलाइन घडीचे दिसतायत, पण वाऱ्याने पडतात म्हणे. कुठला घेऊ?

पाना_बारा_तेरा:

घेऊ नका. आधी डिकीत स्टेपनीच्या खाली हात घालून बघा. कंपनीनं दिलेला असतो. आणि लावाल तेव्हा गाडीच्या बुडाशी नको, मागं पन्नास-साठ पावलं चालून जा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं.

घाटाखालची:

आहे! सात वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता. सील पण फोडलेलं नाही.