‘सिंक्रोनाइझ’ला काय म्हणावं : समकालिक, मेळ की समेवर आणणं?

प्रश्न : एकाच पॅकेजमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या चिप्सवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) आणि डेटा ‘सिंक्रोनाइझ’ करण्याला मी ‘समकालिक करणे’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी त्याचं ‘समकालीन’ केलं. आता दोन्ही चिप्स एकाच शतकात होऊन गेलेल्या कवींसारख्या वाटतात. ‘स्क्यू’साठी (सिग्नल पोचण्यातला वेळेचा फरक) ‘तिरपा’ सापडला, तोही बसत नाही. काय वापरावं?

प्रतिसाद : ‘समकालिक’सुद्धा फसवाच आहे. त्यातून ‘एकाच क्षणी’ असा अर्थ ध्वनित होतो आणि दोन चिप्समध्ये एकाच क्षणी काही घडत नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेत सिग्नलला १ मिलिमीटर जायला साधारण ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. सेकंदाला १६ अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर एक बिट ६२.५ पिकोसेकंदच टिकतो. म्हणजे सेंटिमीटरभर गेलं की अख्ख्या बिटाचा उशीर! घेणाऱ्या चिपला या उशिराचं सोयरसुतक नसतं. क्लॉकचा ठोका पडायच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत डेटा हलला नाही, की तिचं भागलं. म्हणून मी ‘मेळ घालणे’ म्हणेन.

उशीर सोसायची सोपी युक्ती म्हणजे डेटाबरोबर क्लॉकही त्याच वाटेने पाठवायचा. डीडीआर मेमरीतला (संगणकाच्या मुख्य मेमरीतला) स्ट्रोब, म्हणजे डेटासोबत जाणारा ठोक्यांचा सिग्नल, हेच करतो; चिपलेट (एका पॅकेजमध्ये बसवायच्या छोट्या चिप्स) जोडण्यासाठी २०२२ साली आलेल्या यूसीआयई मानकातही क्लॉक डेटासोबतच जातो. दोघं सारखेच उशिरा पोचले तर तक्रार कुणाची? ‘सोर्स सिंक्रोनस’ला सरळ ‘सोबतचा क्लॉक’ म्हणा. ‘स्रोत-समकालिक’ वाचून मला तरी काही कळलं नसतं.

प्रश्नकर्ता : आणि क्लॉकला ‘घड्याळ’?

प्रतिसाद : नको. घड्याळ वेळ सांगतं, हा नुसते ठोके देतो. ‘क्लॉक’ राहू द्या, त्याच्या एजला, म्हणजे सिग्नल चढतो-उतरतो त्या क्षणाला, ‘ठोका’ म्हणा.

दुसरे वाचक : ‘मेळ’ चांगला, पण ढोबळ आहे. तबल्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लय आणि सम, आणि इथे नेमका तोच भेद हवा. दोन्ही चिप्सना एकाच मूळ क्लॉकवरून ठोके मिळतात तेव्हा लय एकच असते, सम मात्र मागेपुढे पडते, आणि ते अंतर जवळजवळ कायम राहतं. याला मेसोक्रोनस म्हणतात; मी ‘समलय’ म्हणेन. तिथे फक्त समेवर आणायचं असतं.

प्लेसिओक्रोनस त्याहून त्रासदायक. ग्रीक ‘प्लेसिओस’ म्हणजे जवळचा, म्हणून ‘निकटलय’. दोन्हीकडे ठोके देणारे आपापले स्फटिक असतात. इथरनेटमध्ये प्रत्येक टोकाला दहा लाखांत १०० इतकी चूक माफ असते. एक टोक तेवढं जलद आणि दुसरं तेवढंच मंद असेल, तर ५,००० बिटांत एक बिट घसरतो. इथे सम एकदा गाठून भागत नाही, ती पुन्हा निसटते. मध्ये फिफो (आधी आलेलं आधी सोडणारा तात्पुरता साठा) ठेवून भरतीचे बिट घालावे-काढावे लागतात.

पहिले प्रतिसादक : ‘समलय’ घेतला! मग स्क्यूला ‘तफावत’ आणि जिटरला ‘थरथर’ म्हणू. तफावत ठरलेली असते, एका तारेची लांबी जास्त म्हणून ती रोज तेवढीच मागे. थरथर दर ठोक्याला वेगळी. दोन्हींना ‘विचलन’ लिहिणारे वाचकाला खड्ड्यात घालतात, कारण पहिलीवर इलाज सोपा आहे, दुसरीवर नाही.

प्रश्नकर्ता : मग डी-स्क्यू, म्हणजे स्क्यू घालवणे, याला ‘तफावत काढणे’?

दुसरे वाचक : त्याचा अर्थ ‘तफावत मोजणे’ असाही होतो. खरं तर चिप दोन्ही करते : सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये ओळखीचा नमुना पाठवून आधी तफावत काढते, मग मिटवते. मिटवते म्हणजे लवकर येणाऱ्या तारांना थांबवून ठेवते. उशिरा येणारीला घाई करता येत नाही. ‘तफावत मिटवणे’ लिहा.

प्रश्नकर्ता : लिहितो. ‘समकालीन’ मात्र मीच जाऊन खोडून येतो.