मदत हवी आहे: लेबल नसलेल्या जपानी मेपलचं वाण कसं ओळखायचं?

हिरवादेठ:
नमस्कार मंडळी. लाल पानांचं जपानी मेपल आहे, लेबल नाही. कुंडीतून जमिनीत हलवायचं आहे, म्हणून ते किती वाढणार हे कळायला हवं आणि त्यासाठी नाव हवं. फोटो जोडला आहे. ओळखीच्या अ‍ॅपवर टाकून झालं, ते 'एसर पाल्मेटम' एवढंच सांगतं. तेवढं मलाही माहीत आहे. खड्डा खणून तयार आहे, कृपया लवकर सांगा.

पाचपानी:
ब्लडगुड. लाल पानांचं, उभं वाढणारं जपानी मेपल बहुतेक वेळा तेच निघतं. ५-६ मीटर होईल. त्या हिशोबाने जागा सोडा.

कलमवाला:
इतकी घाई नको. ब्लडगुडचा लाल रंग भर उन्हाळ्यातही बराच टिकतो आणि फोटोतलं पान चक्क हिरवं आहे. धागाकर्ते, एवढं सांगा: पानाला बोटं किती, ५, ७ की ९? दोन बोटांमधली खाच अर्ध्यावर थांबते की देठाला भिडते? कडा दातेरी आहे का? वसंतातली पहिली पालवी कोणत्या रंगाची होती? ऊन किती तास? आणि झाड कलमी आहे की बियांपासून केलेलं?

सावलीतला:
त्याच्याही आधी पानं फांदीवर समोरासमोर आहेत ना ते बघा. एकाआड एक असतील तर ते मेपलच नाही, लिक्विडांबर असू शकतं. हिबिस्कस असेटोसेला ही लाल पानांची जास्वंदसुद्धा हुबेहूब मेपलसारखी दिसते, तिचीही पानं एकाआड एक येतात.

हिरवादेठ:
समोरासमोरच आहेत, मेपलच आहे. बोटं ५, खाच अर्ध्यापर्यंत. पालवी गडद लाल होती. ऊन सकाळचं ३ तास. कलमी आहे का ते माहीत नाही. आता नाव सांगा.

पाचपानी:
म्हणजे ब्लडगुडच. पानातला लाल रंग अँथोसायनिनचा, तो तयार व्हायला उजेड लागतो. ३ तास उन्हात कुठलंही लाल मेपल हिरवटच दिसणार.

मातीचे हात:
नत्र जास्त झालं तरी पानं हिरवी पडतात, खत बंद करा. आणि पानांच्या कडा करपत असतील तर दुपारचं ऊन आणि कोरडा वारा अडवा, मुळांवर ५ सेमी पालापाचोळा पसरा, पण तो खोडाला टेकू देऊ नका. पाणी संध्याकाळी थोडं थोडं देण्यापेक्षा सकाळी एकदाच भरपूर द्या.

हिरवादेठ:
कडा करपलेल्या नाहीत. खत घातलेलं नाही. मी नाव विचारलं आहे.

कलमवाला:
पाचपानी, सावलीत ब्लडगुड काळपट, ब्राँझसारखं होतं, असं पोपटी होत नाही. फोटोत पानाच्या शिराही हिरव्या आहेत आणि देठही. ते पान लाल वाणाचं वाटत नाही.
धागाकर्ते, दुसरा फोटो काढा. शेंड्याचं पान नको, ते कोवळं असतं आणि त्याचा आकार फसवतो. खोडाच्या वरच्या भागातल्या एखाद्या फांदीच्या मधल्या पेरावरचं पूर्ण वाढलेलं पान घ्या. पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा, शेजारी पट्टी, एकदा पुढून, एकदा मागून. फ्लॅश नको, सावलीतल्या उजेडात काढा.

रसाळ:
अवांतर: याच्या रसाचं मेपल सिरप करता येतं का?

सावलीतला:
सिरपचं झाड वेगळं, एसर सॅकरम. त्याचा साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. जपानी मेपलच्या खोडाला भोक पाडू नका.

हिरवादेठ:
हा घ्या दुसरा फोटो. बोटं ७. मधलं बोट ७ सेमी, खाच देठापासून अर्ध्या सेमीवर थांबते. कडा बारीक दातेरी. रंग तांबूस हिरवा, देठ लालसर. आधीचं पान खालच्या बाजूच्या फांदीचं होतं, तिथे हात सहज पोचतो म्हणून.

कलमवाला:
हेच हवं होतं. एका झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसताहेत, म्हणजे झाड कलमी आहे आणि खालची फांदी खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलं त्याची आहे. जपानी मेपलची कलमं बहुधा त्याच प्रजातीच्या हिरव्या बीज-रोपावर बांधतात, त्याचं पान ५-७ बोटांचं, साधं असतं. इतका वेळ आपण खुंटाच्या पानावर वाद घालत होतो. आता बुंध्याजवळची माती बोटाने सारून बघा: गाठ किंवा तिरका व्रण दिसतो का, सालीचा रंग बदलतो का, आणि ती फांदी गाठीच्या वरून निघते की खालून?

हिरवादेठ:
मातीपासून ८ सेमीवर गाठ आहे. खाली साल हिरवट, वर जांभळट तपकिरी. ती फांदी गाठीच्या खालूनच निघाली आहे. आता ती सगळ्यात जाड झाली आहे.

कलमवाला:
ती आधी काढा, नाव नंतर. खुंट जोमदार असतो, दोन-तीन वर्षांत वरचं वाण दबून जाईल. फांदी जिथून निघते तिथपर्यंत माती बाजूला करा आणि खोडालगतच्या फुगीर वलयापाशी कापा. कापलेल्या फांदीचा तुकडा खोडावर शिल्लक ठेवला तर तिथूनच पुन्हा चार फुटवे येतात. कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. हे काम हिवाळ्याच्या शेवटी करू नका, तेव्हा रस चढत असतो आणि जखम वाहत राहते. आत्ता उन्हाळ्यात चालेल. जखमेवर काही लावायची गरज नाही.

पाचपानी:
खुंटाचं मान्य. पण ब्लडगुडलाही ७ बोटं येतात.

कलमवाला:
येतात, पण खाच साधारण दोन तृतीयांशापर्यंत. इथे ती जवळपास तळाला भिडली आहे. म्हणजे हा मात्सुमुराए, म्हणजे खोल खाचांच्या पानांच्या वाणांचा गट. डिसेक्टम नाही, कारण त्यात प्रत्येक बोट आणखी झालरीसारखं कातरलेलं असतं आणि बहुतेक वाणांची झाडं खाली झुकतात. लाल पालवी, उन्हाळ्यात ब्राँझ-हिरवं, दातेरी कडा, तळापर्यंत खाच, यावरून पहिला संशय बर्गंडी लेसवर.

सावलीतला:
ट्रॉम्पेनबर्ग का नाही? तेही त्याच गटात बसतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी तसंच ब्राँझ-हिरवं होतं.

कलमवाला:
ट्रॉम्पेनबर्गच्या पूर्ण वाढलेल्या पानाच्या बोटांच्या कडा खाली वळलेल्या असतात, प्रत्येक बोट उलट्या पन्हळीसारखं दिसतं. धागाकर्ते, पान उलटं करून बघा.

हिरवादेठ:
सपाट आहे. कडा वळलेल्या नाहीत.

कलमवाला:
मग ट्रॉम्पेनबर्ग बाद. तरी 'बहुधा बर्गंडी लेस' एवढंच म्हणेन. जपानी मेपलची हजाराहून जास्त वाणं आहेत आणि याच्यासारखी दिसणारी त्यात बरीच. तिथे फक्त पानावर पैज लावू नये. पहिल्या पालवीचा रंग, पानगळीच्या आधीचा रंग, हिवाळ्यातल्या कोवळ्या काड्यांचा रंग आणि बीच्या पंखांचा रंग, या चारही नोंदी वर्षभर ठेवा. बियांपासूनचं असतं तर नाव शोधूच नका म्हटलं असतं, कारण रोप आईसारखं निघत नाही. पण कलम केलंय म्हणजे कुणीतरी निवडून वाढवलेलं वाण आहे.

हिरवादेठ:
मग खड्ड्याचं काय? किती जागा सोडू?

कलमवाला:
त्यासाठी नाव नक्की व्हायची गरज नाही. या गटातली अशी उभी लाल वाणं साधारण ४ मीटर उंच आणि जवळपास तितकीच रुंद होतात. भिंतीपासून अडीच मीटर सोडा. पण आत्ता लावू नका, पानगळ होऊ द्या.

मातीचे हात:
खड्डा कुंडीच्या दोन-तीन पट रुंद, खोली मात्र मुळांच्या गड्ड्याइतकीच. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. कलमाची गाठ पुरली तर खुंटाचे फुटवे दिसायला उशीर होतो.

हिरवादेठ:
ठीक. खुंटाची फांदी उद्या काढतो. खड्डा तात्पुरता झाकून ठेवतो. पानगळीच्या आधीचा आणि नंतर पालवीचा फोटो याच धाग्यावर टाकेन.

सावलीतला:
तोवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर 'मात्सुमुराए, लाल, बहुधा बर्गंडी लेस' असं पेन्सिलने लिहून ठेवा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. तार फांदीला सैल बांधा आणि दरवर्षी तपासा, नाहीतर ती सालीत रुतते.