‘आंधळे’ नेमके कोण? योहानाच्या नवव्या अध्यायावरून एक प्रश्न

सदरकर:
मागच्या रविवारी आमच्या पाळकांनी संदेशात सांगितलं, ‘तुमच्या वस्तीत ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही ते सगळे आंधळे.’ आईला रक्त लागलं तेव्हा रात्री दोनला मेडिकलमध्ये धावत आला तो माझा बौद्ध शेजारी. तो आंधळा, हे मला पटलं नाही. घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा वाचला. वचनं ४१. येशू चिखल करून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो, त्याला शिलोहच्या तळ्यावर पाठवतो, तो धुऊन डोळस होऊन येतो. हे ७ वचनांत आटपतं. उरलेल्या ३४ वचनांत त्यावरचा वाद. आणि शेवटी येशू बोल लावतो तो परुश्यांना, शास्त्र तोंडपाठ असलेल्यांना: ‘आम्हांला दिसते’ असं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं. मग हा आरोप कोणावर आहे? बाकांवर बसलेल्या आपल्यावर.

वचनप्रेमी:
जय ख्रिस्त. तुम्ही सोयीचा अध्याय घेतलात. प्रेषित पौलाचं पत्र, २ करिंथ ४:४ वाचा. विश्वास न ठेवणाऱ्यांची मनं ह्या युगाच्या दैवतानं आंधळी केली आहेत, असं पौल स्पष्ट लिहितो. शेजारी चांगला असेल, पण चांगुलपणा वेगळा आणि दृष्टी वेगळी. मोतीबिंदू आहे हे रोग्याला वाईट वाटेल म्हणून डॉक्टरनं सांगायचं नाही का? पौल स्वतः दिमिष्कात तीन दिवस आंधळा होता.

सदरकर:
आंधळा झाला तेव्हा तो शौल होता, धर्मासाठी पेटून ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा; नास्तिक नव्हे. आणि त्याच्यावर हात ठेवताना हनन्या ह्या ख्रिस्ती शिष्याचा पहिला शब्द काय? ‘शौल भाऊ.’ ज्याच्या भीतीनं थरथरावं, त्याला भाऊ! आपण शेजाऱ्याला काय म्हणतोय?

दीक्षाभूमीजवळचा:
भाऊ, पाहणं म्हणजे येशूला मानणं, हे तुम्ही दोघंही धरूनच चालून राहिले. माझ्या आजोबांनी १९५६ ला इथं दीक्षा घेतली, ती डोळे मिटून नाही. परंपरेनं आलं, ग्रंथात आहे, गुरूनं सांगितलं, एवढ्यावर मानू नका, असं बुद्धानं कालाम लोकांना सांगितलं. तुमच्याकडे येशूचा शिष्य थोमा, त्यानं येशू पुन्हा उठल्याचा पुरावा मागितला, तर ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य’. न पाहणारा धन्य, आणि पारखून घेणारे आम्ही आंधळे? हे कसं काय?

वचनप्रेमी:
थोमाला येशूनं हाकललं नाही, जखमा पुढे केल्या. पारखायला मनाई कुठे आहे? कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधला काळ वाचण्यात, झगडण्यात गेला. विश्वास म्हणजे डोळे झाकणं नव्हे.

पांढरी काठी:
मला खरोखर दिसत नाही. बाविसाव्या वर्षी दृष्टी गेली. एका प्रार्थनासभेत डोक्यावर हात ठेवून झाल्यावर मला सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतो. आई त्या रात्री जेवली नाही. अहो, नवव्या अध्यायाची सुरुवातच त्या प्रश्नानं आहे: पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही, आईबापांनीही नाही. ते वचन कोणी वाचून दाखवलं नाही. आणि यरीहोचा बार्तीमय? दिसत नसताना ‘दाविदाच्या पुत्रा’ म्हणून ओरडला तो. डोळस गर्दी त्याला गप्प बस म्हणत होती. तुम्ही माझे डोळे शिवीसारखे वापरता, मग ती शिवी येशूची म्हणून सांगता.

वचनप्रेमी:
तुमच्या बाबतीत जे झालं ते पाप आहे, विश्वासी म्हणून मी क्षमा मागतो. पण पौलाचं वचन मी खोडू शकत नाही.

पांढरी काठी:
खोडू नका. ते वाचाल त्या दिवशी योहान ९:३ पण मोठ्यानं वाचा. मी मागच्या बाकावर असेन.

सदरकर:
मी पाळकांना भेटायला जातोय. शेजारी म्हणतो, मीही येतो.