विषय: बाबांची गाडी, पुराचं पाणी आणि विकताना काय काय सांगायचं

नमस्कार मेलबर्नकर मंडळी,

जरा घरगुती पेच आहे. बाबांनी ७८व्या वर्षी गाडी चालवणं थांबवलं (म्हणजे आईनं थांबवलं), म्हणून पुण्यातली गाडी काढायची आहे. २०१६ची पेट्रोल, एकच मालक, ४१ हजार किलोमीटर. जाहिरातीत झकास दिसेल. पण घर आमचं सिंहगड रोडला, एकता नगरीजवळ. २५ जुलै २०२४ला पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडाली होती. बाबांनी किल्ली फिरवली नाही हे नशीब, नाहीतर इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉडच वाकले असते.

मेस्त्रींनी सीटा, कार्पेट सगळं उतरवून, ऑइल बदलून गाडी उभी केली. तेव्हापासून कुरकूर नाही. पण बिल देताना ते बाबांना म्हणाले होते, "काका, वायरिंगच्या कनेक्टरना हिरवट धरलंय. आज चालतीये. उद्याचं मी सांगणार नाही."

एजंटचं म्हणणं, "साहेब, गाडी चालते ना? मग पुराचा विषय आपण कशाला काढायचा?" नवं कार्पेट, पॉलिश, की चार लाख. सांगितलं तर तीनसुद्धा मुश्किल. शिवाय वरच्या मजल्यावरची मुलगी, नुकतीच हिंजवडीत नोकरीला लागलेली, तीही विचारतेय. सगळेच लपवतात, मग मीच कशाला हरिश्चंद्र होऊ?

– सिंहगड रोडवाला, सध्या मेलबर्न

---

अरे, मेलबर्नात गाडी विकताना रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे असा दाखला) लागतं म्हणून गुपचूप ब्रेक पॅड बदलून घेतोस आणि पुण्यात पोहोचलं की हरिश्चंद्र आठवतो? मी त्या मुलीच्या जागी असते तर तुझ्या आईबाबांना जिन्यात तोंड दाखवणं अवघड केलं असतं.

– बॉक्स हिलची ताई

---

ताई, रागावू नका, त्याचं अगदीच चूक नाही. मी बाणेरला सासऱ्यांसाठी गाडी घेतली होती, मीटरवर ३८ हजार. ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगला तुकतुकी आलेली, आणि आम्ही दोघं शहाणे म्हणालो, वा, हात किती हलका आहे! सर्व्हिसचा जुना कागद डिकीत स्टेपनीखाली सापडला, त्यावर तीन वर्षांपूर्वीच ८६ हजार. मीटर मागे फिरवलेला. विकणारा फोन उचलेना. तेव्हापासून मी गाडी बघायला गेलो की दोन कामं करतो. सगळ्या काचांवर छापलेल्या उत्पादनाच्या तारखा जुळतात का पाहतो (न जुळली ती काच बदललेली), आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. पुरातली गाडी कितीही धुवा, पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक कोणी धूत नाही.

आणि गॅरेजवाल्यांचं म्हणाल तर, बदललेला जुना पार्ट परत मागायचा. नुसतं मागितलं तरी निम्मी बिलं खाली येतात.

– टार्निटवाला

---

चिरंजीव,

मी सध्या सदाशिव पेठेत आहे, वेळच वेळ आहे, म्हणून कायदा सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १७मध्ये एका घोड्याचं उदाहरण आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक असतं, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. तुझा एजंट इथपर्यंत वाचून थांबला असता तर खूश झाला असता.

पण पुढे वाच. 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे बोलणं हे 'अ'चं कर्तव्य ठरतं. आणि 'ब' म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगलाच समजेन", त्यावरही 'अ' गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. वरच्या मजल्यावरची मुलगी तुझ्या बाबांना लहानपणापासून आजोबा म्हणते ना? कायद्यात ते नातं बसेल की नाही यावर कोर्टात भांडता येईल, जिन्यात नाही.

आणि चिखल लपवायला मुद्दाम कार्पेट बदलणं हे गप्प राहणं नव्हे. जाणूनबुजून दोष झाकला की तो फसवणुकीतच मोडतो.

दुसरं. गाडी कोणालाही द्या, फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत निश्चिंत राहू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सांगितलंय, नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. मध्ये गाडी चार हात फिरली तरी समन्स ७८ वर्षांच्या माणसाच्या दारात येईल.

– काका

---

मंडळी,

आपली इकडे चर्चा चालू असताना बाबांनी तिला लिफ्टमध्येच सगळं सांगून टाकलं होतं. एवढंच नाही, खाली नेऊन तिला मागचा सीटबेल्ट ओढायला लावला. (टार्निटवाले, तुमचा मेल मी त्यांना वाचून दाखवला होता.) मेस्त्रींनी सगळी गाडी लखलखीत केली होती, पण शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला राखाडी चिखल, त्याला बारीक काटकी चिकटलेली. ती म्हणाली, "आजोबा, मग नको मला." बाबांनी तिला मेस्त्रींचा नंबर दिला, दुसरी गाडी बघायला जाशील तेव्हा यांना सोबत घेऊन जा म्हणून.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडी लाजही. बुडणारे लाख-सव्वा लाख डोळ्यांपुढून हलत नव्हते, खोटं कशाला बोलू.

एजंटला मी नकार दिला. शेवटी एका डीलरनं दोन लाख ऐंशीला घेतली. नाव बदलायचे फॉर्म बाबांनी त्याच्यासमोर बसून भरून घेतले आणि पावतीवर "जुलै २०२४मध्ये पुराच्या पाण्यात होती" असं लिहायला लावलं. डीलरनं आपली प्रत शांतपणे घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या गिऱ्हाइकाला ती दाखवेल का, काका?

– सिं. रो.

---

कागदाचा फोटो काढलास का?

– काका

---

बाबांनी काढलाय. दोन्ही बाजूंनी.