रेपो दर उतरला, मग ठाण्यात घर स्वस्त का होत नाही?

घोडबंदरकर
२०२५ च्या सुरुवातीला रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ६.५० टक्के होता, डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेने तो ५.२५ वर आणला. २० वर्षांच्या ५० लाखांच्या कर्जाचा दर ८.७५ वरून ७.५० झाला, तर हप्ता ४४,१८६ वरून ४०,२८० वर येतो. ऐकायला छान. पण कासारवडवलीच्या साइटवर सेल्सवाला म्हणाला, "सर, व्याज उतरलंय, त्याच हप्त्यात जवळपास पाच लाख जास्त बसतात, मोठा फ्लॅट बघा." म्हणजे वाचलेला पैसा बिल्डरच्या भावात गेला. व्याज उतरल्याने जमीन वाढत नाही. घरांसाठी म्हणून दर आणखी उतरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

रबाळे_फॅब्रिकेशन
साफ असहमत. रबाळे एमआयडीसीत माझं लहान युनिट आहे, बाल्कनीची रेलिंग बनवतो. सीसी लिमिट, म्हणजे बँकेकडून धंद्यासाठी लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, ६० लाख, बहुतेक वेळ पूर्ण वापरात. सव्वा टक्का म्हणजे वर्षाला ७५,००० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा व्याज वाढलं आणि बिल्डरांनी पेमेंटही लांबवलं. ऐरोलीहून सायकलवर येणाऱ्या टर्नरला, म्हणजे लेथ मशीन चालवणाऱ्या कारागिराला, मला कामावरून थांबवावं लागलं. जाताना त्याने स्वतःचा मायक्रोमीटर पुसून डब्यात ठेवला, एक शब्द बोलला नाही. टॉवरचं काम थांबलं की सेंट्रिंगवाला, टाइल फिटर, प्लंबर सगळेच घरी बसतात. तुम्ही फक्त फ्लॅटचा भाव बघताय.

नौपाडा_निवृत्त
आणि ठेवीदार? मला पेन्शन नाही. २० लाखांच्या एफडीवर एक टक्का गेला की वर्षाचे २०,००० गेले, औषधं तेवढीच. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं पहिलं काम, घरं विकणं नव्हे.

घोडबंदरकर
रबाळेवाले, रोजगाराचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण स्वस्त व्याजाला भुलून घर घेतलं की काय होतं तेही बघा. माझ्या मेहुण्याने २०२१ मध्ये ७ टक्क्यांनी ५० लाख घेतले, हप्ता ३८,७६५. दोन वर्षांनी दर ९.५० झाला, बाकी साडेसत्तेचाळीस लाख. हप्त्यातले ३७,६०० नुसत्या व्याजात जात होते. बँकेने न विचारता मुदत वाढवली, त्याला कळलं स्टेटमेंट काढल्यावर.

रबाळे_फॅब्रिकेशन
तो दोष त्या बँकेचा, दराचा नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायलाच हवं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावलंय. मेहुण्यांना लेखी अर्ज द्यायला सांगा. आणि दर उशिरा उतरण्याची किंमतही मोजा. यंदा ऑर्डर आल्यावर त्या टर्नरला फोन केला. तो आता टेम्पो चालवतो, लेथवर परत यायला तयार नाही. तसा हात मला अजून मिळालेला नाही.