प्लास्टर निघाल्यावर घरकामातून हाताचा व्यायाम: कुठून सुरुवात करायची?

माहीमकर: आईच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालंय, हाड जुळलंय, हात वापरायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पण मूठ अर्धीच मिटते, बोटं सुजतात आणि चेंडू दाबायचा तिला कंटाळा येतो. स्वयंपाकातली कामं चालतील का? आणि लोकलचं काय?

हस्तोपचार_परळ: चालतील, आणि मला तरी ती चेंडूपेक्षा बरी वाटतात. चेंडू जाड असला की मूठ पूर्ण मिटतच नाही. आधी बोटं पूर्ण मिटली-उघडली पाहिजेत, ताकदीचं नंतर.

मेथी निवडणं, मटार सोलणं इथून सुरू करा. लसूण नंतर, त्याला चिमूट घट्ट लागते. मग वाटीभर कणीक, नेहमीपेक्षा सैल, पाचेक मिनिटं. आधी ती फक्त बोटांनी दाबायची. तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने रेटून मळलं की सगळा भार मनगटावर येतो, ते घाईने नको. पिळायला आधी रुमाल, मग पंचा. चादर नाहीच.

मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तीर्थ घेताना करतो तसा तळवा वर वळवणं हमखास अडतं. कोपर कमरेला चिकटवून वाटीतले शेंगदाणे त्या तळव्यावर घ्यायला सांगा. कोपर सुटलं की खांदा झुकतो, हात वळल्यासारखा दिसतो आणि मनगट जागेवरच राहतं. पोळ्या लाटतानाही हेच होतं, म्हणून खांदे उचलले जात नाहीत ना ते बघा.

दुखणं तासाभरात शमलं नाही किंवा सकाळी सूज वाढलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी काम निम्मं. मधूनमधून हात छातीच्या वर उशीवर ठेवायचा.

टाका_आणि_टेंडन: वरचं सगळं जुळलेल्या हाडापुरतं. सुरी लागून टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापला गेला आणि तो शिवला असेल, तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय स्प्लिंट (हाताला बांधलेला आधार) काढून मटारसुद्धा सोलू नका. जोराच्या कामाला साधारण 12 आठवडे थांबावं लागतं. शिवण तुटली तर बोट अचानक वाकेनासं होतं, दुखेलच असं नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. अंगठा एकाएकी वर उचलता येईना, किंवा हात जळजळतोय, चकचकीत दिसतोय, स्पर्श सहन होत नाही, असं झालं तर व्यायाम थांबवून लगेच सर्जनकडे जा. बोटं बधिर असतील तर तव्याजवळचं काम दुसऱ्या हाताने.

लोकलमध्ये कडी चांगल्या हाताने धरायची. गाडीच्या झटक्याला मनगट तयार नसतं.

माहीमकर: उलथणं हातातून निसटतं. त्याला काही उपाय?

हस्तोपचार_परळ: दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा, अर्ध्या मुठीत घट्ट बसेल इतकी जाड. मूठ जास्त मिटायला लागली की एकेक वेढा कमी करा. पट्टी ओली झाली की बदला, नाहीतर घसरते. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत किंवा परळच्या केईएम रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांतून उपचार) विभागात जाताना एक्स-रे सोबत न्या, आणि हे उलथणंही.